सातच्या आत बेडशात!

रविवारी सकाळी साडेनऊला आरामात घरातून निघून लोणावळ्याला जाणाऱ्या माणसांचं मला मनापासून कुतूहल वाटतं. म्हणजे पाच दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकला शिव्या घालायच्या आणि सहाव्या-सातव्या दिवशी स्वतःच्या पैशाचं पेट्रोल जाळून तोच ट्रॅफिक खंडाळ्याला जाऊन बघायचा! वर तिथे भुट्टा खाऊन, चार सेल्फी काढून, ‘फुल्ल टू रिफ्रेश झालो यार’ असं स्टेटस टाकायचं. असो. ज्याचा त्याचा वीकेण्ड.

पण हा आता नुसता वैतागाचा विषय राहिलेला नाही. ३० जून २०२४ला भुशी डॅमजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ला इंदोरीजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांसकट इंद्रायणीत कोसळला, चार जण गेले. दोन्ही दिवस रविवारच होते. मावळात बघण्यासारख्या पन्नास जागा असताना आपण सगळे त्याच चार जागांवर का तुटून पडतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. २०२५च्या जुलैमध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळे आता तिकडेही रीघ असते. कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाची गर्दी कायमचीच. भाजे लोहगडाच्या वाटेवर, त्यामुळे ‘जाता जाता करून टाकू’ या कॅटेगरीत.

या तिघांच्या शेजारी एक चौथं नाव आहे, बेडसे. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘कार्ले, भाजे, बेडसे’ असं एका दमात पाठ केलेलं आणि पेपर लिहून झाल्यावर विसरलेलं. पुण्यापासून साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. लोणावळा लोकलने कामशेतला उतरायचं, स्टेशनबाहेरून पवनानगरच्या रस्त्याला लागायचं. आठ-नऊ किलोमीटरवर बेडसे गावाचा फाटा. शेअर रिक्षा मिळते, नाहीतर सरळ स्पेशल ठरवा. बाइक असेल तर प्रश्नच नाही. गावाच्या मागे डोंगर, डोंगराला पायऱ्या. चारशेच्या आसपास. जिमची मेंबरशिप घेऊन न जाणाऱ्यांनाही वीस-पंचवीस मिनिटांत जमतील अशा. त्यामुळे ‘ट्रेक’ हा शब्द इथे जरा जास्तच होतो. पण ऑफिसात सोमवारी सांगायला ठीक आहे!

फंडा एकच, वेळेचा. बेडश्याची लेणी पूर्वाभिमुख आहेत. सकाळी सूर्य समोरच्या डोंगरावरून वर आला, की ऊन थेट चैत्यगृहात शिरतं. म्हणून सातच्या आत पायथ्याशी पोहोचा आणि उजाडता उजाडता चढायला लागा. दहानंतर गेलात तर लेणी बघून होतील, पण तो शो संपलेला असेल.

जानेवारीत आम्ही पाच जण गेलो होतो. त्यातली एक ‘ऑन कॉल’ होती, म्हणजे सॅकमध्ये लॅपटॉप घेऊन चढत होती. दुसऱ्याने मनगटाएवढा स्पीकर आणला होता. तो पायथ्यालाच काढून घेण्यात आला. यात सौंदर्यदृष्टीचा भाग आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे मधमाश्या. अशा कड्यांवर आग्या मोहोळं असतात. आवाज, धूर, भडक परफ्यूम यातलं काहीही त्यांना चालत नाही, आणि एकदा उठल्या की चारशे पायऱ्या पळत उतरण्यापलीकडे काही करता येत नाही. सिगरेटवाल्यांनीही हे वाक्य परत एकदा वाचावं.

वर पोहोचल्यावर पहिल्यांदा तुमची थोडी फसगत होते. समोर भव्य असं काहीच दिसत नाही. डोंगराचे दोन मोठे कातळ न फोडता तसेच ठेवलेत आणि त्यांच्यामधून एक अरुंद बोळ आत जातो. बोळातून चार पावलं टाकली आणि मान वर केली, की एकदम ते खांब! पंचवीसेक फूट उंच. खाली मोठ्या घड्यासारखी बैठक, वर उलट्या कमळासारखी घंटा आणि तिच्यावर घोडे, हत्ती, बैल. त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही माणसं. बायकांच्या पायातले जाड वाळे, गळ्यातले दागिने, पुरुषांचे फेटे आणि मुख्य म्हणजे बसण्यातला तो निवांतपणा. भिक्खूंच्या प्रार्थनेच्या दारात इतकी झकपक जोडपी कशाला, असं आमच्यातल्या एकाने विचारलं. कोणाकडेच पटेल असं उत्तर नव्हतं. मला ती तिथे आहेत हेच आवडतं.

आत चैत्यगृह आहे, साधारण पंचेचाळीस फूट लांब. दोन्ही बाजूंना साधे अष्टकोनी खांब आणि टोकाला स्तूप. कार्ल्याच्या मानाने हे लहानखुरं, एखाद्या घरच्यासारखं. आम्ही आत बसलो आणि थोड्या वेळाने बोळातून आणि वरच्या नालाकृती कमानीतून ऊन आलं. आधी जमिनीवर पट्टा, मग स्तूपाचा खालचा गोल, मग अख्खा स्तूप. ऑन कॉलवालीने लॅपटॉप उघडला होता. रेंज नव्हती. तिने तो बंद केला आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही. आमच्या ग्रुपमध्ये हे किती दुर्मीळ आहे, ते आम्हालाच माहीत!

आता जरा छताकडे बघा. अर्धगोल छत अगदी गुळगुळीत, पण त्यावर खाचा आहेत. तिथे लाकडी तुळया होत्या. दगडात काही आधाराची गरज नव्हती, तरी लाकडी इमारतीची सवय म्हणून बसवलेल्या. भाज्याला आणि कार्ल्याला त्या तुळया आजही बघायला मिळतात. बेडश्याच्या एकोणिसाव्या शतकात नाहीशा झाल्या. स्तूपावरच्या छत्रीचा लाकडी दांडा तेवढा उरलाय.

याहून मोठं नुकसान खांबांचं. या साध्या दिसणाऱ्या खांबांवर एके काळी चित्रं होती, बुद्ध आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे सेवक. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या खुणा दिसत होत्या. मग कोणीतरी बडा साहेब लेणी बघायला येणार म्हणून स्थानिक अंमलदाराने उत्साहाने सगळी स्वच्छता करून घेतली आणि वर मस्तपैकी चुना फासला. झालं. शेकडो वर्षं पाऊस, वटवाघळं, धूर सोसून टिकलेला रंग एका व्हीआयपी व्हिजिटमध्ये गेला. मंत्री येणार म्हणून रातोरात रंगवलेले दुभाजक आठवले ना?

चैत्याच्या शेजारी विहार आहे, भिक्खूंचं होस्टेल म्हणा हवं तर. तोही वेगळाच. नेहमीसारखा चौकोनी नाही, मागची बाजू गोल आणि छत कमानदार. भोवती खोल्या, खोल्यांत दगडी ओटे. पावसाळ्याचे महिने फिरायचं नाही, एका जागी राहायचं, हा त्यांचा नियम. एरवी ही मंडळी व्यापाऱ्यांच्या वाटांनी हिंडायची. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतून माल घाट चढून वर जुन्नर-पैठणकडे जायचा, त्या वाटांच्या आसपासच ही सगळी लेणी आहेत. म्हणजे थोडक्यात जुना एक्स्प्रेस-वे!

आणि खर्च कोणी केला? ते भिंतीवर लिहिलंय. चैत्याच्या व्हरांड्यातल्या एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. अर्थ असा, की नाशिकच्या आनंद शेठचा मुलगा पुसणक याचं हे दान. पाण्याच्या एका टाक्याजवळ दुसरा लेख आहे, तो सामडिनिका नावाच्या बाईचा. महाभोजाची मुलगी, महारठिनी, आपदेवणकाची बायको. तिने टाकं दिलं. माहेर, सासर, हुद्दा सगळं आहे, पण दान तिच्या स्वतःच्या नावाने. चढून आल्यावर घसा कोरडा पडलेला असताना हा लेख बघितला की बाईंबद्दल फारच प्रेम वाटतं. (टाक्यातलं पाणी मात्र पिऊ नका, आपलं घेऊन जा.)

याच भिंतींवर आणखीही नावं आहेत. बदाम, त्यात बाण, दोन्ही बाजूंना आद्याक्षरं. एकाने तर बाइकचा नंबर कोरलाय. पुसणकाने खोली दिली आणि मग नाव लिहिलं. यांनी काय दिलं? बेडसे हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. २०१०मध्ये कायदा कडक झाला, त्यानुसार असं खरडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण चारशे पायऱ्या चढून बघणार कोण? म्हणून मला एक प्रश्न पडला होता, की या जागेबद्दल लिहावं का? आज इथे सकाळी आठ वाजता पाच माणसं आहेत. हा कॉलम छापून आल्यावर पन्नास आली, तर त्यात बाइक-नंबरवाले किती असतील?

उतरल्यावर पायथ्याला एका मावशींकडे लिंबू सरबत घेतलं. बोलता बोलता मैत्रिणीने सांगून टाकलं, की ही पेपर-मॅगझिनमध्ये लिहिते.

‘‘मंग लिवा की बाई आमच्या डोंगराचं!’’ मावशी म्हणाल्या. ‘‘समदी तिकडं लोनावळ्याला पळत्यात. हितं रविवारीबी माझी चार लिंबं खपंनात.’’

‘‘पण मावशी, गर्दी झाली की कचरा होतो. भिंतीवर नावं लिहितात पोरं.’’

‘‘त्ये खरं हाय. म्हून काय कुनी यायचंच न्हाई? तुमी आलाच की.’’

यावर मी दुसरं सरबत घेतलं. त्यामुळे लिहितेय.

तुम्ही जाणार असाल तर पाच-सहा जणांपेक्षा जास्त जाऊ नका. पायात ग्रिपवाले बूट घाला, विशेषतः पावसाळ्यात. तेव्हा पायऱ्यांवर शेवाळ असतं, डोंगर हिरवागार असला तरी. कातळावरून खाली लोंबकळून रील काढायची नाही. खाण्याचं सामान लेण्यांच्या आत उघडू नका, बाहेर ओट्यावर बसा. समोर पवनेचं खोरं, तिकोना आणि तुंग दिसतात, हॉटेलवाले याला ‘व्हॅली व्ह्यू’ म्हणून जास्त पैसे लावतात. साडेनऊ-दहापर्यंत सगळं आटोपतं. अंगात अजून दम असेल तर पुढे पवनानगरमार्गे तिकोना करता येतो, पण मग उन्हाची तयारी ठेवा. नाहीतर कामशेतला परत. दुपारच्या वेळी लोकलला मोठी गॅप असते, तेव्हा वेळापत्रक आधीच बघून ठेवा. आम्ही स्टेशनसमोर वडापाव खात असताना ऑन कॉलवालीच्या फोनला रेंज आली. सतरा मेल्स होत्या, त्यातल्या चौदा ‘प्लीज इग्नोर माय प्रीव्हियस मेल’च्या.