धन आणि ऋण

बीजगणिताची धास्ती घेतलेलीं मुलें बहुधा पहिल्याच उंबरठ्याशीं अडखळलेलीं असतात. आमच्या शेजारची सातवींतील एक मुलगी परवां वही घेऊन आली. ऋण ८ मध्यें धन ३ मिळवावयाचे होते. तिनें उत्तर लिहिलें ऋण ११. कारण विचारतां, “आजोबा, वजा-अधिक वजा,” असें तिनें पाठ म्हणून दाखविलें. नियम खरा, परंतु तो गुणाकाराचा. बेरजेच्या घरांत त्यास थारा नाहीं.

सांगावयास संकोच वाटतो, पण हीच चूक करणाऱ्या उल्हासनगरच्या एका मुलास आम्हीं एके काळीं वर्गांत तासभर उभें केलें होतें. पुढें त्याच्या वडिलांच्या कापडाच्या दुकानीं गेलों, तों तोच मुलगा एका गिऱ्हाइकास ८०० रुपयांच्या उधारींतून ३०० जमा धरून ‘बाकी ५००’ असें वर न पाहतां सांगत होता. त्यास बीजगणित येत होतें. आम्हांस शिकवितां येत नव्हतें. त्यानें पुढें शाळा सोडली.

वस्तुतः ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्तां’त हे नियम मांडले, ते धन व ऋण या पेढीवरच्याच शब्दांनीं. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची ऋण; एक धन व एक ऋण असल्यास दोहोंचें अंतर घ्यावें; दोन्हीं सारखीं असल्यास शून्य. अंतर उरतें तें अर्थातच मोठ्या पक्षाचें.

परंतु ऋण म्हणजे केवळ कर्ज नव्हे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावतीं’त १० व १७ भुजांचा, ९ भूमीचा एक त्रिकोण आहे. त्याच्या शिरापासून सोडलेला लंब भूमीच्या बाहेर पडतो, आणि आबाधा येतात १५ व ऋण ६. येथें कोणीं कोणाचें कांहीं देणें लागत नाहीं. ऋण म्हणजे उलट दिशेस, असें आचार्य स्पष्ट करतात. दोन्हीं मिळवा, भूमि ९ बरोबर हातीं येते. आम्हांस हें उदाहरण इतकें प्रिय आहे कीं, तें सांगण्याची संधि आम्ही सहसा सोडीत नाहीं.

मुलीच्या घरीं दुकान नाहीं. म्हणून रविवारीं तिला अंबरनाथच्या शिवालयांत नेलें. आचार्यांच्या जन्मापूर्वी ५४ वर्षें, शके ९८२ चा शिलालेख असलेलें हें देऊळ. त्याचा गाभारा मंडपाच्या खालीं असून पायऱ्या उतरून जावें लागतें. मंडपाची फरशी शून्य ठरविली.

“आठ उतर. आतां तीन चढ. कोठें आहेस?”

“ऋण ५!”

“आणखी चार उतर.”

“ऋण ९.” मग आम्हीं कांहीं न विचारतांच ती म्हणाली, “आजोबा, नऊ चढलें कीं शून्य!” आणि मोठ्यानें मोजीत वर निघाली. दर्शनाची रांग तिच्यामुळें खोळंबली. कोणी रागावलें नाहीं.

वहींतील ऋण ११ तिनें घरीं येऊन स्वतःच खोडलें.