झाकणाखालचे मशीन

घड्याळाची परीक्षा आपण करतो ती तबकडीवरच्या नावावरून. नाव विलायती आणि अक्षरे सोनेरी असली, की घड्याळ भारी! घड्याळजी मात्र त्या नावाकडे ढुंकूनही पाहत नाही. तो डोळ्याला भिंग लावतो, पाठीचे झाकण उघडतो आणि म्हणतो, "मशीन कोणते आहे ते बघू."

मशीन ओळखायचे कसे? बॅलन्स चाकाच्या खाली, पितळी पत्र्यावर, बहुधा एक इवलीशी खूण आणि एक क्रमांक ठोकलेला असतो. खूण मशीन बनवणाऱ्याची, क्रमांक त्याच्या जातीचा. ज्याचे नाव तबकडीवर आहे, त्यानेच मशीन बनवले असेल असे मुळीच समजू नका. स्वित्झर्लंडात मशीने करणारे कारखाने निराळे आणि घड्याळाला नाव देणारे निराळे, अशी जुनी चाल आहे. पोलो खेळताना काच फुटू नये म्हणून हिंदुस्थानातल्या इंग्रज खेळाडूंसाठी १९३१ साली उलटे फिरणारे 'रिव्हर्सो' निघाले. त्याच्या पहिल्या घड्याळांत मशीन होते ते तावान नावाच्या दुसऱ्याच कारखान्याचे. रोलेक्सच्या 'डेटोना'त १९८८ पासून २००० पर्यंत झेनिथचे मशीन होते. ते मूळचे तासाला ३६,००० ठोके देणारे. रोलेक्सने ते २८,८०० वर आणले. त्यामुळे कोणी त्याला नकली म्हटले नाही. उलट शौकीन लोक तेच हुडकत फिरतात!

आपल्याकडची तऱ्हा और. बंगळूरला एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ पासून घड्याळे काढली. चावीची, १७ ज्वेलची, दणकट. तिकडे परदेशी घड्याळांचे सुटे भाग सहजी मिळेनात. मग मुंबईच्या कारागिरांनी जुन्या विलायती केसमध्ये देशी मशीन बसवले, तबकडी नव्याने रंगवली आणि घड्याळ चालते केले. जगभरचे संग्राहक असल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि नाक मुरडतात. ते नवे म्हणून, अस्सल म्हणून विकले तर ती लबाडीच. पण प्रत्येक बदललेल्या मशीनमागे लबाडी असते काय?

आमच्या नेरूळला एक गृहस्थ आहेत. वाटणीत घराचा हिस्सा थोरल्या भावाकडे जास्त गेला आणि यांच्या वाट्याला वडिलांचे विलायती घड्याळ आले. विकायला काढले, तर झाकणाखाली निघाले एच.एम.टी.! "दादानेच आतले मशीन काढून घेतले," असे त्यांच्या मनाने घेतले आणि दोन वर्षे भावाशी बोलणे बंद. एका रविवारी मी त्यांना वाशीच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे नेले. त्याने मशीन बाजूला ठेवले आणि झाकणच उलटे करून भिंगाखाली धरले. दुरुस्ती केली की तिथे तारीख कोरायची, ही घड्याळजींची जुनी रीत. तीन-चार तारखा होत्या. एकीपुढे टोकदार अक्षरांत कोरले होते : 'मशीन बदलले, १९७४'.

गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तेव्हा दादा सातवीत होता हो!"

घड्याळाची किंमत काही वाढली नाही. पण ते विकायचे मात्र राहिले. दुकानाच्या पायरीवरूनच त्यांनी भावाला फोन लावला.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला यात नवल नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत कालांतराने इतरांचे शब्द शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली. वर नाव ज्ञानदेवांचे आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत; ओवी न् ओवी पारखली. वस्तूवर प्रेम असेल तर झाकण उघडायला भिऊ नये.

तेव्हा दिवाळीची कपाटे आवरताना जुने घड्याळ सापडले, तर तबकडी रंगवायला देऊ नका. झाकण उघडवून घ्या, खूण आणि क्रमांक टिपून ठेवा, झाकणाची आतली बाजूही पाहा. आणि विकत घेत असाल, तर जो दुकानदार झाकण उघडायला कां कूं करील, त्याला नमस्कार करून पुढचे दुकान गाठा!