विश्लेषण : नोरा रॅटीने चोविसाव्या वर्षीच महिला आइस हॉकीला रामराम का ठोकला?

नोव्हेंबर २०१३. चार देशांच्या स्पर्धेत फिनलंडच्या महिला आइस हॉकी संघाने बलाढ्य अमेरिकेला ३-१ असे हरवले. त्या सामन्यात फिनलंडची गोलरक्षक नोरा रॅटी हिने तब्बल ५८ फटके अडवले. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची ऑलिम्पिकमधील पराभवानंतर, याच नोराने महिला हॉकी सोडत असल्याचे ट्विटरवर जाहीर केले. तेव्हा ती २४ वर्षांची होती. तिची कामगिरी घसरली नव्हती. अडचण साधी होती : जगातील सर्वोत्तम गोलरक्षकांपैकी एक असूनही या खेळावर तिचे पोट भरत नव्हते. तिच्या कारकीर्दीची पहिली आठ वर्षे पाहिली तर हा प्रश्न एकट्या नोराचा नव्हता, हे लक्षात येते.

सुरुवात कशी झाली?

नोराचा जन्म १९८९ मध्ये हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात झाला. मुलांच्या संघांतून खेळतच ती घडली. २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकसाठी फिनलंडच्या संघात तिची निवड झाली तेव्हा ती अवघी १६ वर्षांची होती. फिनलंड तिथे चौथा आला. २००८ मध्ये चीनमधील हार्बिन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत फिनलंडने अमेरिकेला जादा वेळेत १-० असे नमवले आणि कांस्यपदक जिंकले. त्या वेळी गोलपोस्टसमोर १८ वर्षांची नोरा होती. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्येही फिनलंडला कांस्य मिळाले.

अमेरिकेतील विद्यापीठच का?

फिनलंडमध्ये महिलांची राष्ट्रीय लीग १९८२ पासून आहे. पण तिथे खेळणाऱ्या बहुतेक जणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात. अमेरिकेतील विद्यापीठे मात्र खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात. शिक्षण, राहणे, प्रशिक्षक, बर्फाचे मैदान, दर आठवड्याला तोडीचे सामने असे सगळे एका ठिकाणी मिळते. नोरा २००९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात गेली. तिथे तिच्या संघाने २०१२ आणि २०१३ अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदे पटकावली. २०१२-१३ च्या हंगामात तर या संघाने ४१ पैकी ४१ सामने जिंकले.

मग अडले कुठे?

शिष्यवृत्ती चार वर्षांची असते. पदवी हातात पडली की ती संपते आणि नेमका तिथेच रस्ताही संपतो. २०१३ मध्ये उत्तर अमेरिकेत महिलांची लीग होती, पण ती खेळाडूंना पगार देत नव्हती. त्याच फिनलंडचा, त्याच जागेवर खेळणारा पेका रिने याच्याशी अमेरिकेतील नॅशविल संघाने २०११ मध्ये सात वर्षांचा करार केला होता. त्याची रक्कम होती ४ कोटी ९० लाख डॉलर. नोराला एवढे पैसे नको होते. घरभाडे भरता येईल आणि दिवसभर सराव करता येईल एवढा पगार तिला पुरला असता.

पुरुषांच्या संघात जाणे हा उपाय होता का?

२०१४ मध्ये ती फिनलंडमधील पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, किएक्को-वांता संघात दाखल झाली. हे पाऊल म्हणजे महिलांच्या खेळाला कमी लेखणे, असे कुणाला वाटू शकते. मला तसे वाटत नाही. जिथे खेळाला काम मानले जाते तिथे ती गेली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ती राष्ट्रीय संघात परतली, २०१८ च्या ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकले. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धा तिच्याच एस्पो शहरात झाली. उपांत्य फेरीत फिनलंडने कॅनडाला ४-२ असे हरवले. अंतिम सामन्यात जादा वेळेतील फिनलंडचा गोल रद्द ठरला आणि शूटआउटमध्ये अमेरिका जिंकली. फिनलंडला रौप्य मिळाले. ते पदक देशाचे होते. पण त्यापर्यंत पोहोचण्याची किंमत खेळाडूंनी आपल्या खिशातून मोजली होती.

'प्रेक्षकच नाहीत, तर पगार कुठून?'

हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. वरवर तो व्यवहारी वाटतो, पण २०२४ ने त्याला उत्तर दिले आहे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिका आणि कॅनडात महिलांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. किमान वार्षिक पगार ३५ हजार डॉलर ठरवण्यात आला. एप्रिलमध्ये माँट्रियल येथील एका सामन्याला २१,१०५ प्रेक्षक आले. महिला आइस हॉकीतील तो विश्वविक्रम होता. क्रम लक्षात घ्यावा. आधी कुणीतरी पगाराची जबाबदारी घेतली, मग खेळाचा दर्जा टिकला आणि प्रेक्षक आले. प्रेक्षकांची वाट पाहत पगार थांबवला असता तर हे दोन्ही झाले नसते.

आज फिनलंडच्या मुलींपुढे काय आहे?

वाट थोडी रुंदावली आहे, पण दिशा तीच आहे. सानी वान्हानेनने २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १६ व्या वर्षी कांस्य जिंकले आणि पुढे ती ओहायो स्टेट विद्यापीठात गेली. त्याच संघातील नेली लायटिनेनने मिनेसोटा गाठले. पदवीनंतर पगार देणारी लीग आता आहे, ही मोठीच गोष्ट. मात्र तिचे सगळे संघ अटलांटिकपलीकडे आहेत आणि जागा मोजक्या. ज्यांना तिथे संधी मिळणार नाही, त्यांच्यासमोर नोराचाच २०१४ चा प्रश्न उभा राहील.

म्हणूनच फिनलंडने आपल्या घरच्या लीगमध्ये पूर्णवेळ वेतनाची सोय करायला हवी; निदान राष्ट्रीय संघातील खेळाडूंपासून तरी सुरुवात करावी. सोळा वर्षांची मुलगी ऑलिम्पिक खेळली की तिच्या वयाचे कौतुक होते. ते व्हावेच. पण तिचा खेळ ऐन भरात येईल तो विशीच्या मध्यावर, आणि तेव्हा तिला खेळणे परवडेल का, याची तजवीज आजच करावी लागेल.