रांग दिसली पाहिजे

शहर म्हणजे रांग, अशी व्याख्या समाजशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आढळणार नाही. परंतु मुंबईत पंचवीस-तीस वर्षे नोकरी करून मिठबावला परतलेल्या कोणाही चाकरमान्यास ती तात्काळ पटेल. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले, तेव्हापासून धान्याची, दुधाची, रॉकेलची, बसची आणि रेल्वेच्या खिडकीची अशा नानाविध रांगांत उभे राहूनच या महानगराने आपले नागरिकत्व अंगवळणी पाडले. या रांगांविषयी आपण आजवर पुष्कळ कुरकुर केली आणि ती रास्तही होती. आता त्यांतील बहुतेक रांगा घरोघरच्या संगणकात आणि खिशातल्या भ्रमणध्वनीत शिरल्या आहेत. पाय दुखायचे थांबले, ऊन लागायचे थांबले. परंतु रांग संपली मात्र नाही. ती केवळ दिसेनाशी झाली. आणि दिसेनाशी झालेल्या रांगेत आपल्यापुढे नेमके किती जण आहेत, ते कोण आहेत आणि मधूनच कोण घुसले, हे नागरिकास कळण्याचा मार्गच उरलेला नाही. या बदलाचा जेवढा विचार व्हावयास हवा तेवढा झालेला दिसत नाही.

वस्तू थोडी आणि मागणारे फार, अशी स्थिती असली की ती वाटण्याचे चार मार्ग संभवतात : किंमत वाढविणे, रांग लावणे, चिठ्ठ्या टाकणे आणि वशिला. पहिल्या मार्गाने धनवान जिंकतो, चौथ्याने ओळखीचा. रांगेची प्रतिष्ठा एवढ्यासाठीच की, तिच्यात पैशाऐवजी वेळ मोजावा लागतो आणि वेळेच्या बाबतीत कारकून व कारखानदार यांच्यात निसर्गाने भेद केलेला नाही. दोघांचाही दिवस चोवीस तासांचाच. श्रीमंत मनुष्य रांगेत आपला नोकर उभा करतो हे खरे. तथापि तो नोकरही रांगेतील इतरांना दिसत असतो. कोणी मध्ये घुसू लागला तर दहा कंठांतून ‘‘ओ साहेब, मागे या’’ असा पुकारा होतो. खिडकी बंद झाली तर किती तिकिटे विकली गेली, याचा अंदाज तिथल्या तिथे बांधता येतो. रांगेची न्यायबुद्धी तिच्या लांबीत नसून तिच्या उघडेपणात होती, हे आता ध्यानात येते.

वानखेडेचा धडा

क्रिकेटइतके याचे ढळढळीत उदाहरण दुसरे नाही. ज्या वानखेडे मैदानाचा मुंबईकरांस अभिमान आहे, त्याचा जन्मच मुळी जागावाटपाच्या भांडणातून झाला. ब्रेबोर्न मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. तेथील कसोटी सामन्यांत मुंबईच्या क्रिकेट संघटनेच्या वाट्याला किती जागा याव्यात, यावरून उभयतांत वाद विकोपास गेला आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने अवघ्या काही मिनिटांच्या अंतरावर दुसरे मैदान उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली. सामान्य क्रिकेटप्रेमी संलग्न क्लबांमार्फत अधिक संख्येने मैदानात यावा, हा त्यामागील युक्तिवाद होता.

छत्तीस वर्षांनी त्याच मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. २ एप्रिल २०११ रोजी भारताने तो जिंकला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सुमारे ३३,००० आसनांच्या त्या मैदानात सर्वसामान्यांना विक्रीसाठी सुमारे ४,००० तिकिटेच उपलब्ध होती, हे किती जणांच्या स्मरणात असेल? म्हणजे शंभर आसनांमागे बारा. उरलेली संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद, प्रायोजक इत्यादींच्या वाट्याची. त्या बारांसाठी देशभरातील चाहते संगणकापुढे बसले आणि विक्री सुरू होताच ते संकेतस्थळ कोलमडले. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या दोनशेव्या आणि अखेरच्या कसोटीच्या वेळी याच प्रकाराची पुनरावृत्ती झाली. त्यांचे गुरू रमाकांत आचरेकर यांचा जन्म मालवणचा. शिष्याची अखेरची खेळी पाहण्यासाठी ते मैदानात उपस्थित होते; मालवण किनाऱ्यावरील त्यांच्या असंख्य गाववाल्यांना मात्र ती दूरचित्रवाणीवरच पाहावी लागली.

आसने थोडी होती यात कोणाचा दोष नाही. आक्षेप आहे तो याला की, विक्रीच्या रांगेत लोटलेल्या लाखो चाहत्यांपैकी बहुतेकांना आपण कशासाठी धडपडतो आहोत, याचा अंदाजच नव्हता. बाराच जागा आहेत हे ठळकपणे, विक्रीच्या दारावरच लिहिले असते, तर कित्येकांनी ती सकाळ वाया घालविली नसती. खिडकीवरील पाटी हे काम करीत असे. पडद्यावर फिरणारे चक्र ते करीत नाही. प्रस्तुत लेखकानेही एका सामन्यासाठी असे चक्र अर्धा प्रहर न्याहाळले आहे. शेवटी ‘तिकिटे संपली’ एवढीच अक्षरे उमटली. किती होती, केव्हा संपली, कोणाला मिळाली, यांपैकी एकाही प्रश्नाला तेथे उत्तर नव्हते.

सकाळचे आठ

क्रिकेट ही हौस आहे, ती नाही पुरली तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. परंतु गणपतीला गावी जाणे ही कोकणात हौस समजली जात नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि देवगड तालुक्यातील मिठबावसारख्या किनारपट्टीच्या गावांनाही कणकवली स्थानकाच्या रूपाने मुंबईचे दार लाभले. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. चतुर्थीच्या दोन महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला आरक्षण उघडते आणि काही मिनिटांत संपते. त्या वेळी डोंबिवलीचा कारकून कोठे असतो? तो लोकलच्या दारात एका हाताने दांडा धरून उभा असतो. आणि गावाकडील आईवडिलांनी प्रयत्न करावा म्हटले, तर ते दिवस बहुधा आषाढाचे; वारा सुटला की वीज जाते आणि विजेपाठोपाठ संपर्कही जातो. वेळ सर्वांचा सारखा, हे जुन्या रांगेचे तत्त्व येथे कोसळते. येथे तास मोजले जात नाहीत, सेकंद मोजले जातात. आणि सेकंदांच्या शर्यतीत ज्याचे यंत्र वेगवान, ज्याची जोडणी खात्रीची व ज्याला त्या क्षणी कामावर जायचे नाही, तोच पुढे असतो.

या शर्यतीत माणसेच धावत होती असेही नाही. तत्काळ तिकिटांच्या पहिल्या पाच मिनिटांत प्रवेशासाठी होणाऱ्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न स्वयंचलित यंत्रप्रणालींचे असतात, असे रेल्वेने २०२५ मध्ये स्वतःच सांगितले आणि अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केल्याचेही जाहीर केले. १ जुलै २०२५ पासून अशा तिकिटांसाठी आधार-पडताळणी सक्तीची झाली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु त्याचा अर्थ काय होतो पाहा : खिडकीपुढील रांगेत निम्मी माणसे पुठ्ठ्याची उभी केली असती तर ती लबाडी पहिल्याच दिवशी उघडकीस आली असती. अदृश्य रांगेत ती उघडी पाडण्यासाठी एका अवाढव्य सरकारी यंत्रणेला खास शोध घ्यावा लागला.

संगणकाला दोष देण्याचा येथे मुळीच उद्देश नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेल्वे आरक्षणात संगणक आले, तेव्हा कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. आधीच्या पिढीने ज्या रजिस्टरांपुढे आणि दलालांपुढे हात जोडले, त्यांतून आपली सुटका झाली. शिवाय रेल्वे निदान प्रतीक्षायादीतील क्रमांक तरी सांगते. आपण सत्तेचाळिसावे आहोत, काल बावन्नावे होतो, हे प्रवाशास पाहता येते. नियामक मंडळास व राज्य संघटनांस एवढेही करावेसे वाटलेले नाही. म्हणजे रांग लपविणे हा यंत्राचा स्वभावधर्म नव्हे. तो यंत्र चालविणाऱ्याचा निर्णय आहे.

माहिती दडपल्याची किंमत कधी कधी वेळेपेक्षाही भारी पडते. ४ जून २०२५ रोजी बंगळूर येथे विजयोत्सवासाठी चिन्नास्वामी मैदानाबाहेर लाखोंचा लोंढा जमला. मैदानाची क्षमता सुमारे ३५,०००. प्रवेशिका विनामूल्य असून संकेतस्थळावर मिळतील, अशी घोषणा काही तास आधी झाली होती. किती मिळणार, कोणत्या दाराने प्रवेश, याचा गोंधळ अखेरपर्यंत राहिला. चेंगराचेंगरीत ११ जणांनी प्राण गमावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक आहेत. परंतु आत जागा किती आणि आपला क्रमांक कोणता, हे ज्यांना ठाऊक नाही अशा माणसांचा जमाव दारावर लोटतो, हे त्यांतील एक कारण नाकारता येणार नाही.

उपाय काय?

उपाय अवघड नाहीत. पहिला, कोणत्याही सार्वजनिक विक्रीपूर्वी एकूण आसने किती, राखीव कोणासाठी किती आणि खुल्या विक्रीस किती, याचा तक्ता जाहीर करणे. विधी आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळास माहितीच्या अधिकाराखाली आणण्याची शिफारस केली होती. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने सरकारी साहाय्य न घेणाऱ्या संघटनांना त्यातून वाट मोकळी ठेवली. कायद्याची सक्ती नसली तरी तक्ता प्रसिद्ध करण्यास कोणी मनाई केलेली नाही.

दुसरा, जेथे मागणी पुरवठ्याच्या अनेक पट आहे तेथे शर्यतीऐवजी सोडत काढावी. विम्बल्डन येथे १९२४ पासून टेनिसची तिकिटे सोडतीने वाटली जातात; अर्ज करण्यास पुरेसा अवधी असतो, त्यामुळे यंत्राच्या वेगाला महत्त्व राहत नाही. त्याच विम्बल्डनने दररोज काही आसने दारापुढील रांगेसाठी राखली आहेत व त्या रांगेत प्रत्येकाच्या हाती क्रमांकाचे पत्र दिले जाते. आपल्याकडे म्हाडाची घरे सोडतीने मिळतात आणि यशस्वी अर्जदारांची यादी जाहीर होते. घरासाठी जे शक्य आहे ते एका सामन्याच्या आसनासाठी अशक्य कसे?

तिसरा उपाय कोकणच्या मातीतलाच आहे. गणपतीसाठी एस. टी. महामंडळ गट आरक्षण देते. मुंबई-ठाण्यातील वाडीकरी मंडळी एकत्र येतात, आख्खी गाडी ठरवितात, आणि ती गाडी वस्तीपासून थेट गावात येते. गाडीत किती जागा हे सर्वांस ठाऊक, यादीतील नावे सर्वांच्या ओळखीची, कोणाची म्हातारी आई आहे, कोणाचे मूल लहान आहे, हे ध्यानात घेऊन जागा ठरतात. तेथेही रुसवेफुगवे होतात. पण ते तोंडावर होतात आणि त्यांचा निवाडाही तेथेच होतो. रेल्वेनेही सणासुदीच्या विशेष गाड्यांत काही डबे अशा गटांसाठी ठेवून पाहावेत.

प्रत्येकास तिकीट मिळावे, अशी मागणी कोणीही शहाणा मनुष्य करणार नाही. ‘नाही’ हे उत्तर आमच्या मध्यमवर्गाने जन्मभर ऐकले आहे आणि ते पचविण्याची त्याची ताकद दांडगी आहे. परंतु नकार देणाऱ्याने हिशेब दाखविला पाहिजे. हिशेब न दाखविता दिलेल्या नकारातून एकच समजूत दृढ होते : या देशात सरळ मार्गाने काही मिळत नाही, ओळख पाहिजे. महाविद्यालयातून बाहेर पडणारा विद्यार्थी ही समजूत सोबत घेऊन नोकरीच्या, परीक्षेच्या, घराच्या रांगेत उभा राहिला, तर तेथे तो पहिल्या दिवसापासून वशिला शोधू लागेल. क्रिकेटचे तिकीट त्या मानाने क्षुल्लक आहे. म्हणूनच सुरुवात तेथून करावयास हरकत नसावी : पुढच्या मोठ्या सामन्याची विक्री उघडण्यापूर्वी मुंबईच्या संघटनेने आपला आसनांचा तक्ता वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावा.