टोपलीतला एक आंबा

मुलांनो, 'माझ्या मित्रांपैकी एक जण सांगलीला राहतो' हे वाक्य इंग्रजीत लिहा पाहू. लिहिलंत? 'वन ऑफ माय फ्रेंड लिव्ह्ज इन सांगली' असं लिहिलं असेल, तर एक अक्षर राहिलं बरं का! 'वन ऑफ माय फ्रेंड्स' असं हवं.

तुम्ही म्हणाल, "मित्र तर एकच, मग 'फ्रेंड्स' कशाला?" असं बघा, टोपलीतून एक आंबा उचलायचा, तर टोपलीत आधी पुष्कळ आंबे हवेत ना? 'ऑफ'नंतर येते ती टोपली. म्हणून तिथलं मोजता येणारं नाम अनेकवचनी. क्रियापद मात्र उचललेल्या एकाच आंब्याचं! म्हणून 'लिव्ह्ज', 'इज', 'हॅज'.

माझ्या वर्गातली एक मुलगी वहीतल्या लाल गोलांना इतकी कंटाळली, की इंग्रजी निबंध म्हटला की वही मिटून बसायची. मी तिला हेच मराठीतून फळ्यावर लिहायला लावलं. तिनं 'मैत्रिणींपैकी एक' असं बिनचूक लिहिलं.

"हा अनुस्वार कशाला गं दिलास?"

"बाई, मैत्रिणी पुष्कळ आहेत म्हणून!"

झालं की! मराठीत जे काम तो अनुस्वार करतो, तेच इंग्रजीत शेवटचा 'एस' करतो. नियम तिला येतच होता, फक्त मराठीतून. तिनं वही उघडली.

काही नामांना नुसता 'एस' पुरत नाही, हं. 'सिटी'चा वाय जाऊन 'आयईएस' येतं : 'मुंबई इज वन ऑफ द बिगेस्ट सिटीज इन इंडिया.' आणि 'चाइल्ड'चं होतं 'चिल्ड्रन'. त्याला आणखी 'एस' जोडू नका!

आता तुमची पाळी. 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले आले. त्यांतले 11 महाराष्ट्रात आहेत आणि जिंजी तमिळनाडूत. 'रायगड हा त्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे' हे इंग्रजीत लिहा. आधी टोपली भरा, मग क्रियापद निवडा.

पालकांनो, वाक्य चुकलं तर रागावू नका. "मराठीत कसं म्हणशील?" एवढंच विचारा. पुष्कळदा उत्तर मुलांजवळच असतं.