विलापांतील आशा

लहान मुलांकडून शास्त्रवचनें पाठ करवून घेतांना आनंदाचीं तेवढीं निवडावीं, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. मेंढपाळाचें स्तोत्र, रानांतील फुलांचा दृष्टांत, सदा आनंदी राहण्याविषयीं पौलाची आज्ञा, हीं बहुतेकांस तोंडपाठ असतात. परंतु एवढ्यावरच थांबल्यानें मुलांचें नुकसान होतें, असें आमचें मत आहे. परीक्षेंत नापास झालेला किंवा ज्याच्या घरीं दुखणें आहे असा मुलगा तीं वचनें आठवूं लागला, कीं तीं दुसऱ्या कोणासाठीं लिहिलीं असावींत असें त्याला वाटतें. आपणांस आनंद होत नाहीं, तेव्हां आपला विश्वासच थोडा, असा तो ग्रह करून घेतो. आणि दुःखांत लाजेची भर पडते.

वास्तविक पौलानें फिलिप्पैकरांस तें आनंदाचें पत्र बंदिवासांतून लिहिलें. आपण जगूं कीं मरूं, हें त्याला ठाऊक नव्हतें. सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारीं जाऊन परतला नसता, तर आपणांस दुःखावर दुःख झालें असतें, हेंही तो त्याच पत्रांत मोकळेपणीं सांगतो.

विलापगीत तर कोणी उघडीतच नाहीं. ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम उद्ध्वस्त केलें, त्याचा हा शोक. पांच अध्यायांपैकीं पहिले चार इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमानें रचिले आहेत. तिसऱ्यांत प्रत्येक अक्षरास तीन, म्हणून वचनें ६६. देवाची दया रोज सकाळीं नवी होते, ही प्रसिद्ध आशा ह्याच तिसऱ्या अध्यायांत, म्हणजे पुस्तकाच्या ऐन मध्यावर आहे. आणि तिच्यामागून पुन्हां रडणें सुरू होतें! कवीनें ती शेवटीं ठेविली नाहीं, ह्याचें आम्हांस फार महत्त्व वाटतें. दुःख सरण्याची वाट न पाहतां ती एका सकाळपुरती हातीं येते. अरण्यांत इस्राएलास मान्नाही असाच दिवसापुरता मिळे, आणि उद्यांसाठीं राखून ठेविल्यास त्यांत किडे पडत. (शब्बाथाच्या आदल्या दिवसाची गोष्ट वेगळी.)

पंडिता रमाबाईंनीं इब्री व ग्रीक शिकून, साध्या बायकांस समजेल अशा मराठींत, केडगांवीं सबंध शास्त्राचें भाषांतर केलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्याही निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ त प्रसिद्ध झाला. भाषांतर करणाऱ्यास गोड वचनें तेवढीं वेंचतां येत नाहींत. विलापाची प्रत्येक ओळ त्यांना आपल्या भाषेंत उतरवावी लागली.

परीक्षेच्या सकाळीं डोळे मिटून वाटेल तें पान उघडण्याची कित्येकांची संवयही आम्हांस पसंत नाहीं. शास्त्र म्हणजे शकुनवंती नव्हे. तें क्रमानें, रोज थोडें, आणि कांहीं न गाळतां वाचावें.

पालकांस आमची विनंती आहे कीं, घरांत एखादा वाईट दिवस गेला असेल, त्या रात्रीं ८८ वें स्तोत्र काढावें. तें अंधारांतच संपतें. वाचून झाल्यावर उपदेशाची घाई करूं नये. मुलांस कांहीं विचारावयाचें असल्यास विचारूं द्यावें, नाहींतर दिवा मालवून निजूं द्यावें. ८९ वें स्तोत्र देवाच्या दयेच्या गाण्यानें सुरू होतें. तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाचावें.