वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी २०२२ च्या ऑगस्टपासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरोघरचे दूरचित्रवाणीसंच आणि फोन दीड तास बंद, आणि मुले अभ्यासाला! सरकारी हुकुमाची वाट गावाने पाहिली नाही. हे वृत्त आमच्या शहरात मोठ्या कौतुकाने वाचले गेले; तेही बहुधा फोनवरच, आणि शेजारच्या मुलाच्या हाती दुसरा फोन देऊन.

आमच्या सुशिक्षित घरांत उणीव माहितीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या बाबतीत वयोमानानुसार मर्यादा सांगितल्या; पाठोपाठ भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितल्या. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच. दूरच्या आजी-आजोबांशी बोलण्यापुरती काय ती सवलत. पाचव्या वर्षापर्यंत फार तर एक तास, तोही वडीलधाऱ्यांच्या देखत. दहापर्यंत दोन तासांच्या आत. मूल बोलावयास शिकते ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून आणि त्याच्याकडून उत्तर मिळवून. पडदा अखंड बोलतो, पण मुलाचे ऐकत नाही. असे असता, फोन पुढे धरल्यावाचून बाळ घास घेत नाही, हे आम्ही पाहुण्यांस हसत हसत सांगतो!

दहा-बारा वर्षांपुढे केवळ मिनिटे मोजून भागत नाही. रात्री फोन कोणाच्या खोलीत असतो, हे तेथे अधिक महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांची खाती मना करणारा कायदा डिसेंबर २०२५ मध्ये अमलात आणला; परंतु उशाखालचा फोन काढून घेण्यास कोणतेही सरकार येणार नाही.

तथापि सारा दोष पालकांवर ढकलणे अन्यायाचे होईल. २०२० च्या टाळेबंदीत शाळांनीच मुलांच्या हाती फोन दिला. तेव्हा इलाज नव्हता. आज वर्ग नियमित भरत असताही उद्याचा गृहपाठ रात्री नऊ वाजता फोनवर येतो, यास काय म्हणावे? तो शाळा सुटण्यापूर्वी वहीत उतरवून देणे मुळीच अशक्य नाही. गृहनिर्माण संस्थांनीही आपल्या इमारतीपुरता सायंकाळचा एक तास ठरवावा. शेजारचे मूल पडद्यासमोर बसले असता आपल्यास उठविणे कठीण जाते, हे प्रत्येक आई जाणते.

मात्र त्या तासात वडिलांचा फोनही कपाटात गेला पाहिजे. कचेरीचे निरोप थांबत नाहीत, ही सबब आम्ही पत्रकारांनीही पुष्कळदा पुढे केली आहे. ते निरोप बहुतेक वेळा थांबतात.